उत्तमने ऑइल टाकलं होतं

उत्तमने पेट्रोलची कॅन माझ्या बाकड्यावर ठेवली, टोपण उघडलं आणि म्हणाला, "मामा, वास घ्या."

मी वास घेतला नाही. माझ्या हातात त्याच्या कटर मशीनचा पिस्टन होता. सायलेन्सरच्या बाजूने त्याच्यावर उभे ओरखडे पडले होते, मांजरीने नख्या मारल्यासारखे. महिन्याभरातली ही दुसरी मशीन. दोन्ही उत्तमच्या हातात बंद पडल्या होत्या.

"वास कशाचा घेऊ? पिस्टन बोलतोय की."

"काय बोलतोय?"

"ऑइल नव्हतं म्हणतोय."

"मंग पिस्टन खोटं बोलून राहिला," उत्तम म्हणाला.

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो. ते हसणं सात वर्षं माझ्या मानेवर बसलेलं आहे, म्हणून हे लिहितो आहे.

मी मुंजाजी मिस्त्री. वसमतला शेतीच्या यंत्रांच्या एका दुकानात पस्तीस वर्षं दुरुस्तीचं काम केलं. फवारणी पंप, गवत कापायची यंत्रं, आणि शेवटची बारा-पंधरा वर्षं लाकूड कापायची चेनसॉ. आमच्याकडे तिला सगळे कटर म्हणतात. आमच्या भागात कटरचा खरा हंगाम हळदीचा. काढलेली हळद शिजवावी लागते, तिच्या कुकरला सरपण लागतं आणि ते सरपण म्हणजे बहुतेक बाभूळ. वाळलेली बाभूळ कुऱ्हाडीला दाद देत नाही. म्हणून कटर.

कुरुंद्याच्या बाबारावांचा हळद शिजवायचा कुकर होता आणि हळद पॉलिश करायचा ड्रमही. दोन्ही ट्रॅक्टरला जोडून ते गावोगाव फिरत. लाकूड कापायला त्यांनी बाळापूरजवळच्या तांड्यावरचा उत्तम ठेवला होता. उत्तम दर वर्षी दसरा झाला की बायकोला घेऊन ऊसतोडीला जायचा. त्या वर्षी पहिल्यांदा गेला नाही. मुलगी आठवीत होती. तिला बरोबर नेलं की शाळा बुडते आणि मागे ठेवावं तर सांभाळायला कुणी नाही. कटरचं काम लागलं म्हणून तिघंही घरी राहिले. हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पहिली मशीन घ्यायला बाबाराव आले तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या सगळ्यात लांब पात्याच्या कटरला हात लावला.

"ही द्या. एका दमात बाभूळ आडवी झाली पायजे."

"बाबाराव, तुम्हाला झाडं पाडायची आहेत का सरपण करायचं आहे?"

"सरपणच. पण दिसायला तं दिसू द्या ना."

दिसण्यावर जाऊ नये, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो. सरपणाचं लाकूड वीत-दीड वीत जाडीचं असतं. त्याला सोळा-अठरा इंचांचं पातं पुरतं. पातं लांब आणि इंजिन लहान असं घेतलं तर चेन लाकडात अडते, माणूस जोर लावतो आणि दोघंही थकतात. मशीन हातात धरून बघावी. दिवसभर वजन पेलेल का, ब्रेकचा दांडा अंगठा न ताणता लागतो का, पार्ट आपल्याच गावात मिळतात का, एवढं बघितलं की पुष्कळ झालं. बाबारावांना मी अठरा इंची दिली.

उत्तमला मी स्वतः शिकवलं. बाकड्याशेजारी उभा राहून तो प्रत्येक गोष्ट दोनदा करून बघायचा. चेन हाताने ओढली तर सहज फिरली पाहिजे, पण पात्याखाली लोंबली नाही पाहिजे. कानस लावताना डाव्या दातांना जितके हात, तितकेच उजव्या दातांना, नाहीतर मशीन लाकडात तिरकी जाते. लाकूड खाली ओंडका देऊन उचलून कापायचं. चेन एकदा काळ्या मातीला लागली की धार गेलीच. बांधावरच्या बाभळीत जुनी तार रुतलेली असते, ती आधी शोधायची. चेनच्या टाकीत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल ओतायचं नाही. आणि एअर फिल्टर, म्हणजे इंजिन ज्या जाळीतून श्वास घेतं ती, रोज झटकायची आणि आठवड्यातून एकदा धुऊन वाळवायची.

"कोणत्या वारी?" उत्तमने विचारलं.

"कोणत्याही."

"तसं न्हाई मामा. वार सांगा. वार ठरला की इसरत न्हाई."

"रविवारी धू."

तो दर रविवारी धूत होता. ही एक गोष्ट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

हंगाम सुरू झाल्यावर तीनेक आठवड्यांनी, एका गुरुवारी, उत्तम मशीन घेऊन आला. काळा धूर मारते, ताकद नाही, लाकडात घुटमळते. दुकानात गर्दी होती. मी झाकण काढून फिल्टर बघितला, झाकण लावलं, पेचकस घेतला आणि कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा आवळला.

हा स्क्रू इंजिनात पेट्रोल किती जावं ते ठरवतो. आवळला की पेट्रोल कमी, सैल केला की जास्त. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. आवळल्याबरोबर धूर गेला, आवाज मोकळा झाला. पाच मिनिटांचं काम. उत्तम खूश, मी खूश.

सोमवारी दुपारी मशीन बंद पडली. दोरी ओढली तर हलेना. मी उघडून बघितलं, पिस्टनवर ओरखडे.

इथे थोडं समजावून सांगतो. कटरच्या इंजिनात मोटारसायकलसारखं वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं असतं. पेट्रोल जळतं आणि त्याच्याबरोबर आलेलं ऑइल पिस्टनला वंगण देतं. ऑइल मिळालं नाही की पिस्टन सिलिंडरला घासतो, तापतो आणि चिकटून बसतो. याला आम्ही सीज होणं म्हणतो. दहातल्या नऊ मशिनी ऑइल विसरल्यामुळे सीज होतात. मी दहाव्या मशीनचा विचार केला नाही. जॉब कार्डावर लिहिलं, 'बिनाऑइल पेट्रोल वापरल्यामुळे'. या कारणाला वॉरंटी लागू होत नाही.

"टाकलं होतं, मामा," उत्तम म्हणाला.

"एखाद्या वेळेस होतं रे विसरायला."

बाबाराव कुरकुरले, पण हंगाम थांबवता येत नव्हता. त्यांनी तसलीच दुसरी मशीन नेली. तीन आठवड्यांनी तिचंही तेच झालं. गुरुवारी-शुक्रवारी धुराची तक्रार, मी स्क्रू आवळला, सोमवारी सीज. त्या वेळी उत्तम कॅन घेऊन आला होता.

आता खरं सांगतो. मी वास घेतला नाही, पण बघितलं होतं. आमच्या दुकानातलं ऑइल हिरवं होतं आणि कॅनमधलं पेट्रोल हिरवट दिसत होतं. शिवाय स्पार्क प्लग काढला तर तो पांढराफटक. पांढरा प्लग म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी पडत होतं. माझा गोंधळ उडाला. कमी का पडेल? टाकीतली नळी बघितली, ठीक. कुठे चीर पडून हवा आत जाते का बघितलं, नाही. मशीन तर सोमवारी सकाळी कधी नव्हे इतकी जोरात चालली, असं उत्तम स्वतःच सांगत होता. जोरात चालणारी मशीन दुपारी मरते कशी?

दुकानाचे मालक सलीमभाई गल्ल्यावरून उठून आले. हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, बराबर देखा ना? गरीब आदमी है, उस की रोजी का सवाल है."

मला काही कळत नव्हतं. पण मला कळत नाही हे वाक्य मी त्या बाकड्यावर इतक्या वर्षांत एकदाही बोललो नव्हतो. कनेरगाव नाक्यापासून लोक मशिनी घेऊन माझं नाव विचारत यायचे.

"बराबर देखा," मी म्हणालो. "ही कॅन त्याने नंतर भरली असेल."

उत्तमने टोपण लावलं. "नंतर भरली म्हंता," एवढंच बोलला आणि कॅन उचलून गेला.

बाबारावांनी त्याला त्याच दिवशी काढलं. तिसरी मशीन त्यांनी आपल्या भाच्याच्या, गजाननच्या, हातात दिली. गजानन म्हणजे तिशीचा गडी, फार निवांत. मशीन पॉलिशच्या ड्रमशेजारी तशीच टाकायचा, कानस महिन्यातून एकदा. त्याचीही धुराची तक्रार आली, मी स्क्रू आवळला आणि ती मशीन हंगामभर काहीही न होता चालली. मग कुणाला शंका राहिली? बाबाराव चहाच्या हॉटेलात सांगायचे, "आमचा गज्या आळशी हाय, पण पेट्रोलमध्ये ऑइल तं टाकतो!" तांड्यावर उत्तमचं नाव बिनतेल्या पडलं. पुन्हा कुणी त्याच्या हातात मशीन दिली नाही. पुढच्या दसऱ्याला तो ऊसतोडीला गेला आणि मुलीला बरोबर घेऊन गेला.

पण खरं काय झालं होतं, ते मला त्याच्याही आधी कळलं होतं.

हंगाम संपल्यावर बाबारावांनी गजाननची मशीन सफाईला पाठवली. काम कमी होतं. मी फिल्टर काढून धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकला आणि दुसरं काही करत बसलो. थोड्या वेळाने बघतो तर घमेल्यातलं पाणी लालभडक. क्षणभर वाटलं, हात कापला. हात बघितले, ठीक होते. हळदीला सोडा लागला की ती लाल होते, हे आमच्याकडे लहान लेकराला ठाऊक असतं. फिल्टर बाहेर काढला तर पांढराशुभ्र.

मी तो पिवळ्या रंगाचाच समजत होतो. तीनही मशिनींचे फिल्टर मी झाकण काढून बघितले होते. काळा दिसला असता तर धुतला असता, मातकट दिसला असता तरी धुतला असता. पण हळदीच्या दिवसांत आमच्याकडे माणसांच्या भुवया पिवळ्या असतात, बैलांच्या पाठी पिवळ्या असतात, दुकानातलं कॅलेंडर पिवळं असतं. पिवळं म्हणजे घाण, हे माझ्या डोळ्याला दिसलंच नाही. पॉलिशच्या ड्रममधून उडणारी बारीक पूड त्या जाळीत लिंपल्यासारखी बसली होती, नुसतं झटकून निघणारी नव्हती.

धुतलेला फिल्टर लावून मशीन चालू केली. ती किंचाळली. इतका पातळ, उंच आवाज की मी घाबरून बंद केली. मग सगळं ध्यानात आलं. फिल्टर तुंबला म्हणून हवा कमी जात होती, म्हणून धूर. करायचं होतं ते फिल्टर धुण्याचं काम. मी त्याऐवजी पेट्रोल कमी केलं. गजाननने फिल्टर कधी धुतला नाही, त्यामुळे त्याच्या मशीनला हवाही कमी आणि पेट्रोलही कमी, जमून गेलं. उत्तमने रविवारी फिल्टर धुतला. हवा पूर्ण जायला लागली, पेट्रोल मात्र मी आवळून ठेवलेलं. आणि ऑइल पेट्रोलबरोबरच येतं, म्हणजे तेही कमी. अशी मशीन आधी वाऱ्यासारखी पळते, मग तापते आणि मरते.

मी शिकवलं तसं त्याने केलं. म्हणून ती मेली.

मी सलीमभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "उत्तम को बताओ, मिस्त्री. मेरे साथ चलना है तो चलो." मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात. त्यांनी दोनदा आठवण केली, नंतर सोडून दिलं. मी गेलो नाही. एकदा बाळापूरच्या बाजारात उत्तम समोर आला. मी वळणार होतो, तेवढ्यात त्यानेच हात जोडले, "राम राम मामा, तब्येत बराबर हाय ना?" मी म्हटलं, बराबर आहे. भाजी न घेताच परत आलो.

यंदा होळी झाल्यावर गेलो. वय चौऱ्याहत्तर, काम सोडलं आहे, हात थरथरतात. उत्तम नुकताच ऊसतोडीहून आला होता, अंगणात खाटेवर बसला होता. त्याची बायको शांता चूल सारवत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, फिल्टर, स्क्रू, लाल पाणी.

उत्तमने नीट ऐकून घेतलं. "थांबा मामा. मी फिल्टर धुतला नसता तं?"

"चालली असती."

"गज्याची चालली तशी?"

"हो."

"म्हंजे म्या नीट काम केलं, म्हून मी चोर?"

"चोर नाही रे..."

"कॅन नंतर भरली म्हंले होते ना तुमी."

शांता चुलीजवळून न उठता म्हणाली, "पोरीच्या लग्नात व्याह्यानं इचारलं, बिनतेल्या कोण? सगळे हसले. मीबी हसले. काय करता?"

मी हात जोडले. उत्तमने ते धरून खाली केले, पण बसायला सांगितलं नाही.

"मला काहून सांगता, मामा? म्या ऑइल टाकलं होतं, हे मला तवाबी ठाऊक होतं. ज्याह्यला ठाऊक न्हाई त्याह्यला सांगा."

तिथून मी तसाच कुरुंद्याला गेलो. बाबारावांच्या शेतात हळद शिजत होती, आठ-दहा माणसं होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं. बाबाराव ऐकताना एकदा माझ्याकडे, एकदा गजाननकडे बघत होते.

"म्हंजे मिस्त्री, फिल्टर धुवू न्हाई म्हंता का?"

"धुवावाच. पण..."

"उत्तमनं धुतला तं मशीन मेली. गज्यानं न्हाई धुतला तं जगली. बरोबर ना?"

"बरोबर, पण..."

"गज्या, ऐक रे! आजपासून फिल्टरला हात लावू नको. मिस्त्रीचा हुकूम हाय." सगळे हसले. कुणीतरी मागून म्हणालं, "वय झालं की हो मामाचं." मला चहा दिला, सावलीत बसवलं. सात वर्षांनी खरं बोललो आणि लोकांना वाटलं, म्हातारा भ्रमला.

मग मी चहा खाली ठेवला आणि गजाननला त्याची मशीन आणायला लावली. आता ती चौथी का पाचवी होती. फिल्टर पिवळा. "कधी धुतलास?" "धुवायचा असतो का?" गजानन म्हणाला. या वेळी लोक त्याला हसले. मी सोड्याचं पाणी मागवलं. पाणी लाल झालं तेव्हा हसणं थांबलं. फिल्टर वाळवून लावला, मशीन चालू केली, ती किंचाळली. धूर घालवायला हिचाही स्क्रू कुणीतरी आवळलेलाच होता. मी गजाननला पेचकस दिला आणि स्क्रू पाव फेरा सैल करायला सांगितला. आवाज खाली आला, भरीव झाला. मी म्हटलं, "हाच पाव फेरा मी उत्तमच्या मशीनला आवळला होता. दोन्ही वेळा."

बाबाराव पागोट्याच्या टोकाने तोंड पुसत राहिले. मग त्यांनी फोन लावला. पलीकडे शांता होती, नंतर उत्तम. बाबाराव उठून बांधापर्यंत गेले, त्यामुळे काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. माफी मागितली की नाही, माहीत नाही. माझ्या चुकीची माफी त्यांनी किती मागायची हाही प्रश्नच आहे.

ती जॉब कार्डं केव्हाच रद्दीत गेली, त्यामुळे ती दुरुस्त करता येत नाहीत. उत्तमची मुलगी आठवीच्या पुढे शिकली नाही, तेही दुरुस्त होत नाही. तुमच्याकडे कटर असेल तर एवढं करा. मशीन धूर मारायला लागली की आधी फिल्टर धुवा, कोणत्याही रंगाचा असो. दुरुस्तीला टाकली तर मिस्त्रीला विचारा, स्क्रू फिरवायच्या आधी फिल्टर धुतला का? तो चिडेल. मीही चिडलो असतो. तरी विचारा.

बाबाराव बांधावरून परत आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उत्तम सोमवारपासून येतो म्हंतो. पण एक अट घातली त्यानं."

"काय?" मी विचारलं.

"मशीन दुरुस्तीला कुणाच्याबी हातात द्या म्हंला, पण स्क्रूला मुंजाजी मिस्त्रीचा हात लागू देऊ नका."

मी म्हटलं, "बरोबर आहे."